विश्लेषण : विहिरीत, गटारात माणूस गुदमरतो तो कशामुळे? विषारी वायूंचा माग काढणाऱ्या जॉन हॉल्डेन यांची कहाणी

विहीर, सेप्टिक टँक, बंद टाकी किंवा खाण इथे मृत्यू नेमका कशाने येतो, हे शोधण्यासाठी एका शास्त्रज्ञाने आयुष्यभर स्वतःच विषारी हवा श्वासात घेतली. त्यांच्या संशोधनातून मिळालेले नियम आज जळगाव, धुळे जिल्ह्यांतही तितकेच लागू आहेत.

खानदेशात ऊन तापू लागले की विहिरींचा तळ दिसू लागतो. मग गाळ काढणे, खोली वाढवणे, सुरुंग लावणे अशी कामे निघतात. शहरांत याच सुमारास सेप्टिक टँक आणि गटारांच्या सफाईची घाई असते. या कामांत होणाऱ्या दुर्घटनांचा क्रम बहुतेक वेळा सारखाच असतो. एक जण खाली उतरतो आणि काही क्षणांत कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, तोही वर येत नाही. मग शेजारी उतरतो. बातमीत कारण एका शब्दात येते : गुदमरून.

पण हे गुदमरणे म्हणजे नेमके काय? कोणता वायू? तो आधी ओळखता येतो का? तोंडाला रुमाल बांधून उपयोग होतो का? या प्रश्नांची प्रयोगसिद्ध उत्तरे ज्यांच्याकडून मिळाली, त्यांत जॉन स्कॉट हॉल्डेन हे नाव सर्वांत वरचे आहे.

कोण होते हॉल्डेन?

हॉल्डेन यांचा जन्म २ मे १८६० रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे झाला. घराणे सुखवस्तू आणि वजनदार होते. त्यांचे थोरले भाऊ रिचर्ड पुढे ब्रिटनचे युद्धमंत्री झाले. जॉन यांनी १८८४ मध्ये वैद्यकाची पदवी घेतली. मात्र दवाखाना थाटून बसण्याऐवजी ते शरीरक्रियाशास्त्राकडे वळले. माणूस जी हवा श्वासात घेतो तिचे शरीरात काय होते, हा त्यांचा विषय ठरला आणि अखेरपर्यंत तोच राहिला.

सुरुवात डंडी या गिरणीच्या गावातून झाली. तिथे मजुरांची अख्खी कुटुंबे एकेका खोलीत राहत. हॉल्डेन आणि त्यांचे सहकारी मध्यरात्रीनंतर, लोक झोपेत असताना, पूर्वसूचना न देता या घरांत जात आणि हवेचे नमुने घेत. दिवसा दारे-खिडक्या उघड्या असताना घेतलेला नमुना खरी स्थिती सांगणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. हवा मोजायची तर ती माणूस जिथे आणि जेव्हा श्वासात घेतो तिथेच मोजायची, ही सवय त्यांनी पुढे कधी सोडली नाही.

गटारात उतरून काय सापडले?

त्या काळी गटारातली हवा रोग पसरवते, अशी पक्की समजूत होती. हॉल्डेन लंडनच्या संसद भवनाखालच्या गटारांत उतरले. निष्कर्ष अनपेक्षित होता. वाहत्या, हवा खेळत्या गटारातल्या हवेत सूक्ष्मजंतू बाहेरच्या हवेपेक्षाही कमी निघाले.

याचा अर्थ गटार सुरक्षित आहे असा नव्हता. १ जुलै १८९५ रोजी लंडनजवळच्या ईस्ट हॅम येथील सांडपाणी केंद्रात एक कामगार विहिरीसारख्या खड्ड्यात उतरला आणि कोसळला. त्याला वाचवायला एकामागून एक चौघे उतरले. पाचही जण दगावले. सहकाऱ्यासाठी जीव देणाऱ्या त्या चौघांच्या नावांची फरशी लंडनमधील पोस्टमन्स पार्क या बागेत आजही आहे.

या दुर्घटनेचा अभ्यास हॉल्डेन यांनी केला. दोषी होता हायड्रोजन सल्फाइड. मैला, गाळ, पालापाचोळा असे काही हवेविना कुजले की हा वायू तयार होतो. तो साचलेल्या गाळात अडकून राहतो आणि गाळ ढवळला की एकदम बाहेर पडतो. थोड्या प्रमाणात त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढले की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. वास गेला म्हणजे धोका टळला असे माणसाला वाटते, प्रत्यक्षात धोका तेव्हाच सर्वांत जवळ आलेला असतो. प्रमाण फार असेल तर एक-दोन श्वासांतच शुद्ध हरपते. मदतीला उतरलेला माणूस कितीही धट्टाकट्टा असला तरी तोही तिथेच पडतो, कारण हवा तीच असते.

खाणीतले मृत्यू स्फोटाने की वायूने?

२७ जानेवारी १८९६ रोजी वेल्समधील टायलर्सटाउन कोळसा खाणीत स्फोट झाला आणि ५७ जण दगावले. स्फोटात माणसे आगीने किंवा धक्क्याने मरतात, असे तोवर अनेकजण धरून चालत. सरकारच्या वतीने हॉल्डेन तिथे गेले आणि त्यांनी मृतदेह बारकाईने तपासले. बहुतेकांच्या अंगावर जीवघेणी इजा नव्हती. त्वचेवर मात्र गुलाबी-लालसर झाक होती. ही कार्बन मोनॉक्साइडची खूण होती.

रक्तातले हिमोग्लोबिन फुफ्फुसातून प्राणवायू घेऊन शरीरभर पोहोचवते. कार्बन मोनॉक्साइड त्याच हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्टपणे चिकटतो. त्यामुळे श्वास चालू राहतो, पण रक्त प्राणवायू वाहू शकत नाही. या वायूला रंग नाही, वास नाही, घशाला टोचणेही नाही. स्फोटातून वाचलेले खाणकामगार बाहेर येण्यासाठी चालू लागले आणि वाटेत या वायूत सापडून मेले, असा हॉल्डेन यांचा निष्कर्ष होता. मृतांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांचा जीव वायूने घेतला होता.

या एका निष्कर्षाने खाणीतल्या बचावकार्याची दिशा बदलली. मृत्यू स्फोटाच्या क्षणी होत नसेल, तर वाचवायला वेळ आहे. मात्र वाचवणाऱ्याला तीच हवा श्वासात घ्यावी लागता कामा नये.

स्वतःवरच प्रयोग कशासाठी?

टायलर्सटाउनच्या आधीच हॉल्डेन यांनी कार्बन मोनॉक्साइड स्वतःवर तपासला होता. प्रयोगशाळेत बसून ते हा वायू मिसळलेली हवा ओढत, ठरावीक वेळाने स्वतःचे रक्त तपासत आणि काय काय होते याची टिपणे ठेवत. एका प्रयोगात त्यांच्या रक्तातले निम्म्याहून अधिक, ५६ टक्के हिमोग्लोबिन या वायूने व्यापले. तोवर त्यांना धड उभेही राहता येत नव्हते.

यातून दोन गोष्टी कळल्या. पहिली, बसलेल्या माणसाला फारसे काही जाणवत नाही, पण तो उठून चालू लागला किंवा शिडी चढू लागला की पाय एकदम लुळे पडतात. दुसरी, वायू आधी विचारशक्ती मंद करतो. आपण धोक्यात आहोत हे ज्या मेंदूने ओळखायचे, त्यालाच प्राणवायू कमी पडू लागतो. बरे वाटते आहे, अजून थोडे काम उरकून घेऊ, असे खाली उतरलेल्या माणसाला वाटत असेल तर त्यावर विश्वास ठेवता येत नाही.

पिंजऱ्यातला पक्षी कुठून आला?

आपल्यासोबत ठेवलेला उंदीर आपल्या कितीतरी आधी कोसळतो, हे हॉल्डेन यांच्या प्रयोगांत दिसले होते. लहान प्राण्यांचा श्वास आणि रक्ताभिसरण वेगवान असल्याने वायू त्यांच्या रक्तात लवकर भिनतो. म्हणून खाणीत उतरताना उंदीर किंवा छोटा पक्षी सोबत न्यावा, अशी सूचना त्यांनी केली. कॅनरी पक्षी अधिक सोयीचा ठरला, कारण दांडीवरून खाली पडलेला पक्षी मिणमिणत्या उजेडातही लगेच लक्षात येतो. पुढे बचाव पथकांसाठी असे पिंजरे आले, की पक्षी पडताच झडप बंद करून आत प्राणवायू सोडता येई आणि तो पुन्हा सावध होई.

ब्रिटनच्या खाणींत ही पद्धत १९८० च्या दशकापर्यंत टिकली. १९८६ मध्ये दोनशेहून अधिक कॅनरींच्या जागी हातात धरायची इलेक्ट्रॉनिक यंत्रे आणण्याचा निर्णय झाला. आजचे वायूमापक यंत्र हा त्या पक्ष्याचाच वारसदार आहे. फरक इतकाच, की ते कोणता वायू किती आहे हेही सांगते.

दिवा विझला नाही म्हणजे हवा चांगली?

विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील दोरीने खाली सोडून पाहण्याची रीत जुनी आहे. हॉल्डेन यांच्या अभ्यासातून या रीतीचा उपयोग आणि तिची मर्यादा, दोन्ही स्पष्ट होतात.

खाणीच्या जुन्या भागांत साचणाऱ्या आणि दिवा विझवणाऱ्या हवेचे त्यांनी पृथक्करण केले. तिच्यात मुख्यतः नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड होता. प्राणवायू दगड-कोळशाने आणि कुजणाऱ्या लाकडाने शोषून घेतलेला होता. साध्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. तो १७ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत विझते. माणूस त्याहून कमी प्राणवायूतही काही काळ तग धरतो. म्हणजे विझलेला दिवा हा खरा इशारा आहे.

पण दिवा जळत राहिला म्हणून हवा चांगली ठरत नाही. माणूस मारण्याइतका कार्बन मोनॉक्साइड किंवा हायड्रोजन सल्फाइड हवेत असला, तरी ज्योत शांतपणे जळत राहते. आणि खाली मिथेन असेल तर तीच ज्योत स्फोट घडवते. सेप्टिक टँक आणि गोबर गॅसच्या टाकीत मिथेन असतोच. तिथे दिवा किंवा काडी पेटवून पाहणे जीवघेणे आहे.

वायू वर राहतो की खाली, हेही महत्त्वाचे. मिथेन हवेपेक्षा हलका. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड जड, ते तळाशी साचतात. हॉल्डेन यांनी हा धडा आपल्या मुलाला, जॅकला, लहानपणीच दिला. त्याला खाणीत नेऊन एका ठिकाणी उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातले भाषण म्हणायला सांगितले. छताजवळ मिथेन साचला होता. भाषण पुरे होण्याआधीच मुलगा खाली कोसळला. जमिनीलगतची हवा चांगली असल्याने तो लगेच सावध झाला. हा जॅक म्हणजेच पुढे जगप्रसिद्ध झालेले जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन.

शरीर आपल्याला सावध का करत नाही?

१९०५ मध्ये हॉल्डेन आणि त्यांचे सहकारी प्रीस्टली यांनी एक मूलभूत गोष्ट सिद्ध केली. श्वासाचा वेग ठरवण्यात सामान्यतः मोठा वाटा प्राणवायूचा नसून रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा असतो. तो जरा वाढला की धाप लागते.

कामाच्या ठिकाणी याचा अर्थ सरळ आहे. कार्बन डायऑक्साइड साचलेल्या जागेत निदान दम लागून इशारा मिळतो. पण नुसता प्राणवायू कमी असेल, उदाहरणार्थ नायट्रोजन भरलेल्या टाकीत, तर धाप लागेलच असे नाही. माणूस काही न जाणवता बेशुद्ध होतो. म्हणून शरीराच्या भरवशावर न राहता हवा मोजायची.

पाणबुड्यांना खोलातून टप्प्याटप्प्याने वर आणण्याची कोष्टकेही हॉल्डेन यांच्याच गटाने १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. त्यासाठीही त्यांनी आधी बकऱ्यांवर आणि मग माणसांवर काळजीपूर्वक चाचण्या घेतल्या होत्या.

महायुद्धात मुखवटा कसा घडला?

२२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरिन वायू सोडला. चार दिवसांनी भारतीय सैनिकांच्या लाहोर डिव्हिजनलाही या वायूला तोंड द्यावे लागले. ब्रिटिश सरकारने हॉल्डेन यांना तातडीने आघाडीवर पाठवले. वायू क्लोरिनच असल्याची खातरजमा करून ते परतले आणि बंद खोलीत क्लोरिन सोडून स्वतः त्यात बसून निरनिराळे मुखवटे तपासू लागले.

दरम्यान इंग्लंडमध्ये वृत्तपत्रातल्या आवाहनावरून महिलांनी सैनिकांसाठी कापसाच्या हजारो पट्ट्या शिवल्या होत्या. भावना चांगली होती, पण कोरडी पट्टी क्लोरिन अडवत नसे आणि ओली झाली की तिच्यातून श्वासच घेता येत नसे. हॉल्डेन आणि इतर तज्ज्ञांच्या प्रयत्नांतून मग हायपो, सोडा आणि ग्लिसरीनच्या द्रावणात भिजवलेली पट्टी आली. कापड वायू अडवत नव्हते. कापडातले रसायन क्लोरिनशी संयोग पावून त्याला निष्प्रभ करत होते.

आजच्या प्रत्येक गॅस मास्कचे तत्त्व हेच आहे. ठरावीक वायूसाठी ठरावीक रसायन. एका वायूसाठीचे कार्ट्रिज दुसऱ्याला चालत नाही. शिवाय मास्क हवा गाळतो, प्राणवायू तयार करत नाही. प्राणवायूच कमी असलेल्या विहिरीत उत्तम प्रतीचा गॅस मास्कही निरुपयोगी आहे. तिथे बाहेरून नळीने येणारी ताजी हवा किंवा पाठीवरच्या सिलिंडरचा श्वसनसंच लागतो. खाणीतल्या बचाव पथकांसाठीच्या अशा संचांचीही हॉल्डेन यांनी कठोर तपासणी केली होती. रुमाल, उपरणे किंवा धुळीसाठीचा साधा मास्क यांतून तर वायू सरळ आत जातो.

वायूने फुफ्फुसे जळालेल्या सैनिकांना मोजून-मापून प्राणवायू देण्याचे साधनही त्यांनी १९१७ मध्ये मांडले. रुग्णालयांत आज सर्रास दिसणाऱ्या ऑक्सिजन मास्कच्या इतिहासातला तो महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

अखेरचे दिवस आणि भारताशी नाते

सत्तरी ओलांडल्यावरही हॉल्डेन थांबले नाहीत. १९३४ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले. नंतर इराण-इराकमधील तेल उद्योगात उष्माघाताने होणाऱ्या मृत्यूंचा अभ्यास करण्यासाठी ते तिकडे गेले. परतल्यावर आजारी पडून मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले. वय होते ७५. वडिलांच्या प्रयोगांत वाढलेला त्यांचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आला, भारताचा नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारला.

खानदेशात हे धडे कुठे लागू होतात?

विहिरीत : सुरुंग उडवल्यावर कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनचे विषारी वायू खालीच कोंडून राहतात. पाणी उपसायला डिझेल इंजिन विहिरीत उतरवले तर त्याचा धूर तेच करतो. बरेच दिवस बंद असलेल्या खोल विहिरीत प्राणवायू कमी असू शकतो.

केळीच्या पिकवण केंद्रात : रावेर, यावल, सावदा हा केळीचा पट्टा. पिकताना केळीही श्वास घेते, म्हणजे प्राणवायू वापरते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. बंद चेंबरचे दार उघडून, पंखे लावून हवा बदलल्याशिवाय आत काम करू नये.

कारखान्यात : जळगाव आणि धुळ्याच्या औद्योगिक वसाहती, साखर कारखान्यांच्या मळीच्या टाक्या, रसायनांच्या टाक्या इथे धोका रोजचा आहे. शिरपूरजवळ वाघाडी येथील रासायनिक कारखान्यात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी झालेल्या स्फोटात डझनभर कामगारांचा बळी गेला, ही आठवण जिल्ह्यात ताजी आहे.

कायदा काय सांगतो?

२०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ३६ म्हणजे जणू हॉल्डेन यांच्या कामाचे सार होते. वायूचा धोका असलेल्या टाकीत किंवा खड्ड्यात कामगाराला उतरवायचे तर सक्षम व्यक्तीने हवा तपासून लेखी दाखला द्यायचा, नाहीतर कामगाराला श्वसनसंच आणि दोर बांधलेला पट्टा द्यायचा, असे ते सांगत होते. दोराचे दुसरे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असावे लागे.

गटार आणि सेप्टिक टँकसाठी २०१३ चा स्वतंत्र कायदा आहे. संरक्षक साधनांविना माणसाला आत उतरवणे हा त्यानुसार गुन्हा आहे. गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. शेतातल्या विहिरीवर मात्र तपासायला कोणी अधिकारी येत नाही. तिथे काळजी मालकाने आणि ठेकेदारानेच घ्यायची आहे.

उतरण्याआधी काय करावे?

१. हवा मोजा. प्राणवायू, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि ज्वालाग्राही वायू असे चारही मोजणारे यंत्र दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी तपासा. प्राणवायू १९.५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर उतरू नका.

२. ब्लोअरची नळी तळापर्यंत सोडून ताजी हवा भरा आणि पुन्हा मोजा. काम चालू असतानाही ब्लोअर आणि मापक दोन्ही चालू ठेवा, कारण गाळ हलला की वायू नव्याने सुटतो.

३. डिझेल किंवा पेट्रोलचे इंजिन विहिरीच्या आत कधीही चालवू नका.

४. उतरणाऱ्याच्या अंगाला दोर बांधलेला पट्टा हवाच. वर किमान दोन माणसे थांबावीत, म्हणजे आत न उतरता त्याला दोराने ओढून काढता येईल.

५. कोणी कोसळले तर मागोमाग उतरू नका. दोराने ओढा, वरून हवा सोडा आणि ११२ किंवा १०१ वर फोन करा.

६. यंत्र नसेल तर माणूस उतरवू नका. गाळ यारीच्या बादलीने, मैला सक्शन गाडीने काढा.

ईस्ट हॅमचे ते चौघे भ्याड नव्हते, निष्काळजीही नव्हते. खाली काय आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. ते शोधून काढायला हॉल्डेन यांनी आपली फुफ्फुसे पणाला लावली. त्याला आता सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. आज ते मोजणारे यंत्र खिशात मावते, आणि गावातल्या चार-पाच विहीर मालकांनी मिळून घेतले तर त्याचा खर्च कुणा एकाला जड जात नाही.